पिवळ्या डोक्याचा दगड

दुपारी फ्रिज जरा जोरात लावला आणि दारावरचा मैलाचा दगड खाली पडून त्याचा कान उडाला. मैलाच्या दगडाला कान नसतो, मान्य. पण गोल डोक्याच्या एका बाजूचा टवका गेला की कान गेल्यासारखंच दिसतं. सुनंदाताई लादी पुसत होत्या. त्यांनी तो उचलला, पदराने पुसला, उलटसुलट बघितला आणि विचारलं, "कुठल्या देवाचा हो ताई?"

देवाचा नव्हे, रस्त्याचा. फ्रान्समधल्या जिल्हा रस्त्यावरच्या दगडाची ती बोटभर नक्कल, पाठीला लोहचुंबक चिकटवलेली. अंग पांढरं, डोकं पिवळं. तिथे लाल डोकं म्हणजे राष्ट्रीय रस्ता आणि पिवळं म्हणजे जिल्ह्याचा. आपल्याकडे पिवळं डोकं थेट राष्ट्रीय महामार्गाला. मी वाईची. पाचवड फाट्याला पुणे-बंगळूर रस्ता लागायचा. तेव्हा त्याला चार नंबर म्हणायचे, आता अठ्ठेचाळीस म्हणतात, मी अजून चारच म्हणते. तिथला पिवळा दगड ही आमच्या घरची लक्ष्मणरेषा होती. त्याच्या पुढे सायकल न्यायची नाही. त्यामुळे २०२२ च्या जूनमध्ये भाचीबरोबर फ्रान्सच्या डोंगरात सायकल मारताना पहिले दोन दिवस पिवळं डोकं दिसलं की माझा हात आपोआप ब्रेकवर जायचा. मागून ट्रक येणार! मागून काहीच येत नसे. अर्ध्या तासाने एखादी मोटार यायची, तीही आम्ही वळण घेईपर्यंत मुकाट मागे थांबायची. मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

भाची ल्योंला असते. "मावशी, एवढी आलीस तर म्युझियम कसली बघतेस, घाट बघ," म्हणाली आणि तिच्या मैत्रिणीची गिअरवाली सायकल माझ्यासाठी मागून आणली. गिअरचं मला दडपण होतं. मग तिनेच सांगितलं की ज्यांनी १९०३ साली तूर द फ्रान्स ही सायकलशर्यत सुरू केली त्या आंरी देग्रांजना गिअरचा भारी तिटकारा. गिअर पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी असतात, असं त्यांचं मत. शर्यतीत गिअर आले ते थेट १९३७ साली. मी तेव्हा त्रेपन्न वर्षांची होते, म्हणजे देग्रांजसाहेबांची मला रीतसर परवानगी होती. ती मी चारही दिवस पुरेपूर वापरली.

ल्योंहून रेल्वेने ल पुई. सायकलला तिकीट पडलं नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. हे गाव जुन्या ज्वालामुखींच्या मुलखात आहे, गावातच लाव्हाचे सुळके उभे. एका सुळक्याच्या टोकावर दहाव्या शतकातलं चर्च, २६८ पायऱ्या. पायऱ्या मी खालूनच मोजल्या, म्हणजे पाटीवर वाचल्या. गुडघे डोंगरासाठी राखून ठेवले होते. ल पुईची हिरवी मसूर फ्रान्सभर नावाजलेली. ती खाल्ली. चांगली होती. पण कराड-इस्लामपूरकडचा अख्खा मसूर एकदा पोटात गेलेल्या माणसाने याहून जास्त बोलू नये.

तिथून मोनास्तिए आणि मग चढ. १८७८ साली एक स्कॉटिश गृहस्थ याच गावात गाढवीण विकत घेऊन, तिच्यावर सामान लादून दक्षिणेकडे चालत निघाला होता. गाढवीण फार हळू चालते अशी त्याची तक्रार होती म्हणे. चढाचं दुसरं वळण घेताना माझी सगळी सहानुभूती गाढविणीकडे गेली.

फ्रान्समध्ये काही घाटांत सायकलवाल्यांसाठी दर किलोमीटरला खास पाटी असते. माथा अजून किती, आत्ता उंची किती आणि पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ किती टक्के, सगळं लिहिलेलं. भाचीला हे फार आवडतं. "मावशी, पुढचा सात टक्के, मग आठ, मग जरा साडेपाच." मला नाही आवडत. सात टक्के हा बँकेच्या व्याजाचा आकडा आहे, घाटाचा नव्हे. पाटी आली की मी दुसरीकडे बघायचे. बघायला कमी नव्हतं. उतारावर पिवळ्या फुलांची झुडपं पेटल्यासारखी पसरलेली आणि गायी आमच्याकडे बघून रवंथ थांबवायच्या. पण भाची वाचूनच दाखवायची.

आपल्याकडे घाटात चढ विचारायची पद्धत वेगळी आहे. मी बारा वर्षांची आणि आतेभाऊ बापूदादा पंधरा, तेव्हा आम्ही गणपती आळीतून तासाला पन्नास पैसे भाड्याच्या दोन सायकली घेतल्या, पाचगणीच्या एसटीच्या टपावर चढवल्या आणि पसरणी घाट उतरून यायचं ठरवलं. चढायचा नाही, नुसता उतरायचा. कंडक्टरने सायकलींचं लगेज तिकीट फाडलं, ते आमच्या दोघांच्या हाफ तिकिटांपेक्षा जास्त निघालं. दादाचं तोंड तेव्हाच उतरलं. पाचगणीत भेळ खायला पैसे उरले नाहीत, म्हणून नुसता वारा खाल्ला आणि सुटलो. माझ्या सायकलचा मागचा ब्रेक नावालाच होता. डाव्या पायाची चप्पल पुढच्या चाकाला दाबायची, चप्पल तापली की पाय उचलायचा, परत दाबायची. खाली कृष्णेचं खोरं आणि वाईची घरं, काड्यापेट्यांएवढी. चौथ्या-पाचव्या वळणाला माझी चेन पडली. हात काळे करून ती बसवत असताना गुरं घेऊन एक आजोबा वर आले. दादाने विचारलं, "वाई किती लांब?"

"हे काय, आलंच की."

आणखी पाच वळणं झाली. पुन्हा एक बाई भेटल्या, डोक्यावर भारा. "आलंच." वाई तर सकाळपासून दिसतच होती. पण ते 'आलंच' ऐकलं की पायात बळ यायचं, हे खोटं नाही. सायकली परत केल्या तेव्हा भाड्याचे चार तास झाले होते. उरलेले पैसे दादाने बदाम विकून दिले, कोणाच्या झाडाचे ते विचारू नका. चप्पल कुत्र्याने नेली असं मी आईला सांगितलं. एकच?, असं तिने विचारलं नाही. अजूनही मला त्याचं नवल वाटतं.

तर त्या डोंगरात एका वळणावर बागेला पाणी घालणारे एक म्हातारबाबा दिसले. मी भाचीला म्हटलं, विचार बरं, माथा किती लांब. तिने विचारलं. त्यांनी आधी माझ्या सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग काहीतरी दोनच शब्द बोलले.

"काय म्हणतात?"

"चढ आहे म्हणतात."

ते मला दिसत होतं.

दुकानं बारा वाजता बंद होतात आणि दोनपर्यंत गावात चिटपाखरू नसतं. (पुण्याबद्दलचा विनोद तुमचा तुम्ही करून घ्या.) पाणी संपलं की काय करायचं? भाची म्हणाली, कब्रस्तान शोधायचं. तिथे फुलझाडांना घालायला नळ असतो आणि 'पिण्याचं पाणी नाही' अशी पाटी नसली तर सगळे सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात. मी फाटकाबाहेरच थांबले. आमची आजी मसणवट्याच्या कडेने जरी कोणी आलं तरी परसातच अंघोळीला पाठवायची, आणि इथे ही पोरगी आतून बाटली भरून आणणार! पण घसा कोरडा पडला होता. आजीची मनातल्या मनात माफी मागितली आणि प्यायले. इतकं गार पाणी मी अलीकडे प्यायले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून गाव लांबून दिसलं की माझीच नजर चर्चचा मनोरा सोडून भिंतीवरून डोकावणारी सुरूची झाडं शोधायला लागली.

त्या गावांत चर्चसमोर एक दगडी खांब असतोच. १९१४ ते १९१८, आणि खाली नावं. सावली बरी म्हणून आम्ही एका खांबाशी पाव-चीज खायला बसलो आणि भाची नावं मोजायला लागली. एकाच आडनावाचे चौघे. गावात घरं असतील तीस-पस्तीस, त्यातल्या निम्म्यांच्या खिडक्यांना कायमच्या झडपा. आमच्या साताऱ्याजवळ अपशिंग्याला त्याच युद्धात गेलेल्या ४६ जणांचा दगड आहे. शाळेची सहल तिथे नेली होती, तेव्हा आम्ही त्याच्याभोवती पकडापकडी खेळलो होतो. फ्रान्सभर मिळून जिल्हा रस्ते सुमारे ३ लाख ८० हजार किलोमीटर आहेत, भाचीने फोनमध्ये बघून सांगितलं. गुळगुळीत, एक खड्डा नाही. रस्ते राहिले, जायची-यायची माणसं कमी झाली. चार दिवस मी ज्या शांततेचं कौतुक करत होते ती ही. पावाचा घास जरा अडकला. मग भाची म्हणाली, अजून तेरा किलोमीटर, शेवटचे दोन नऊ टक्के. मग दुसरं काही सुचलंच नाही.

माथ्यावर झेर्बिए द जों हा डोंगर, १५५१ मीटर, लांबून कडब्याच्या गंजीसारखा. त्याच्या पायथ्याशी ल्वार नदी उगम पावते. कुठे, ते विचारू नका, कारण तिथे तीन उगम आहेत. एक 'भौगोलिक', एक 'अस्सल', एक 'खरा', तिन्हींना पाट्या. महाबळेश्वरला आपण पाच नद्या एका गोमुखातून काढतो, यांनी एका नदीला तीन मुखं दिली. हिशेब सारखाच. पण मला खरी गंमत वाटली ती पुढची. भूमध्य समुद्र तिथून जवळ, तरी ही बाई त्याच्याकडे पाठ करून हजार किलोमीटर अटलांटिकपर्यंत जाते. आमची कृष्णासुद्धा अशीच. कोकण पायाशी असून बंगालच्या उपसागराला निघालेली. मी पाण्यात हात घातला आणि, सवयीने, डोळ्यांना लावला. भाचीने फोटो काढला. तो बापूदादाला पाठवला. त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं: "लगेज तिकीट किती पडलं?"

दगडाचं लोहचुंबक तिथल्याच टपरीवर घेतलेलं.

हे सगळं सुनंदाताईंना सांगावं की नाही अशा विचारात मी होते, तोवर त्या लादी संपवून गेल्याही होत्या. कान फ्रिजखाली गेला असावा, झाडूने ओढला तर निघाला नाही. संध्याकाळी दिवा लावायला गेले तर देवघरात अन्नपूर्णेच्या शेजारी तो दगड उभा. पुढे एक जास्वंद, कपाळाच्या जागी कुंकू. हळद वाहिली नव्हती. डोकं आधीच पिवळं, म्हणून असेल.

मी काही तो काढला नाही. फ्रिजवरून तसाही सारखा पडत होता.