गायींच्या घरात घोडी व्याली

आमच्या दावणीला सहा संकरित गायी आणि एक घोडी. गायींवर घर चालतं, घोडी दादाच्या शौकाची. आमच्या पुणे जिल्ह्यातल्या खेड-आंबेगाव भागातली बैलगाडा शर्यत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढं एक घोडी सुटते, वर स्वार असतो आणि तिच्यामागं बैल जीव खाऊन पळतात. मे 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा आमची जुनी घोडी विकली गेली. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी आली आणि महिन्याभरात दादानं हरणी आणली. कुमेत म्हणजे तांबूस-तपकिरी रंग, कपाळावर रुपयाएवढा टिळा. 2022च्या यात्रांना ती पळाली आणि 27 जूनला आम्ही तिला घोडा लावला. पहिलारू होती.

आण्णांनी आजवर गायींची शंभरेक वेतं हातावर काढलीत. त्यामुळं घोडी व्यायची म्हणजे त्यात काय एवढं, असा घरात सगळ्यांचा सूर होता. माझाही.

पहिला धक्का सोळाव्या दिवशी बसला. घोड्यांचे डॉक्टर सोनोग्राफीचं मशीन घेऊन आले. आण्णा म्हणाले, "एवढी घाई कशाला? गाय तर आम्ही तिसऱ्या महिन्यात तपासतो." डॉक्टर म्हणाले, "मला जुळं आहे का ते बघायचंय." घोडीला जुळं पेलत नाही, बहुतेक वेळा मध्येच गर्भपात होतो, घोडीच्याही जिवावर बेततं. आणि जुळं असेल तर एक गर्भ काढून टाकायला हेच दिवस सोपे असतात. नशिबानं एकच होता.

पुढचे सात-आठ महिने विशेष काही नाही. फिरवणं चालू, खरारा चालू. शेवटच्या तीन महिन्यांत मात्र शिंगराची निम्म्याहून जास्त वाढ होते, म्हणून लसूणघास आणि भिजवलेले हरभरे हळूहळू वाढवले. इथंच आमच्या हातून मोठी चूक व्हायची होती. एके दिवशी गड्यानं गायींच्या गोणीतलं पशुखाद्य तिच्या घमेल्यात ओतलं. मी फोटो पाठवला, तर डॉक्टरांचा तडक फोन. "आधी ते घमेलं उचला!" गायींच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गायीला ते मानवतं, घोड्याचं मात्र हृदय निकामी करतं. मुरघासही (दाबून आंबवलेला हिरवा चारा) तिला नाही, कारण त्यातल्या विषबाधेला घोडं फार लवकर बळी पडतं. बुरशी आलेला कडबा तर मुळीच नाही. त्या दिवसापासून हरणीचं घमेलं लाल रंगवलं आणि गड्याला सांगितलं, लाल घमेल्याला हात लावायचा तर मला विचारून.

एप्रिलच्या शेवटी धनुर्वाताची लस दिली, म्हणजे चिकातून शिंगराला संरक्षण मिळावं. 18 मे 2023 ला सुप्रीम कोर्टानं शर्यती कायमच्या मोकळ्या केल्या, गावात गुलाल उधळला, आणि आमची घोडी ढोलासारखं पोट घेऊन गोठ्यात उभी. दादाचा चेहरा बघवत नव्हता. त्याचा एक अख्खा हंगाम या पोटापायी गेला होता.

गाय नऊ महिने नऊ दिवसांची. घोडीचे साधारण 340 दिवस धरतात, पण 320 पासून 365 पर्यंत काहीही होऊ शकतं. आमची तारीख आली 2 जून. कास भरली, शेपटीच्या मुळाशी पुठ्ठे सैल पडले. गोठ्याचा एक कोपरा रिकामा केला, चुना मारला, जाड पेंढा अंथरला. मग मी रोज रात्री बाजेवर. पण घोडीला माणसाची जाग चालत नाही, ती कळा धरून ठेवते. पाच रात्री मी तिच्याकडं आणि ती माझ्याकडं बघत काढल्या. शेवटी जुना मोबाइल खांबाला बांधला आणि घरात पडून पडद्यावर बघायला लागलो.

सातव्या तारखेला सकाळी सडांच्या टोकांवर मेणाचे थेंब दिसले. (घोडीला सड दोनच. आई रोज बघून हसायची.) संध्याकाळी ते मेण गळून पडलं आणि चीकच ठिबकायला लागला. आण्णांना त्याचं काही वाटलं नाही. गायीचा चीक इतका असतो की वासरू पिऊन उरतो, खरवस गल्लीभर वाटतो. इथं तो जमिनीवर जाणं म्हणजे शिंगराचं संरक्षणच वाहून जाणं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून स्वच्छ भांड्यात जमेल तितका धरला, पावशेरभर भरला असेल. आईनं तो फ्रीजरमध्ये ठेवला आणि वर चिठ्ठी लावली: "खरवस नाही."

आठ तारखेला रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी पडद्यावर ती आडवी झालेली दिसली. पळालो. डॉक्टरांनी एकच गोष्ट घोकून घेतली होती: आधी पांढरी पिशवी दिसली तर हात बांधून उभा राहा, लाल मखमलीसारखी दिसली तर क्षणाचा विचार न करता फाड, कारण आत शिंगराचा श्वास कोंडतोय. बॅटरी मारली. पांढरी. आत एक खूर, त्याच्या थोडा मागं दुसरा, मग नाकाड.

आण्णा दोरी घेऊन आले होते. गाय दोन-दोन तास कळा देते, मग आपण ओढतो. मी दोरी काढून घेतली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या हातातून काही काढून घेतलं असेल. घोडीचं सगळं वीस-पंचवीस मिनिटांत उरकतं. अर्धा तास उलटला तर समजायचं की घात आहे. अठराव्या मिनिटाला शिंगरू पेंढ्यावर होतं.

मग आण्णांनी ब्लेड काढलं. नाळ कापायची नसते, घोडी उठली की आपसूक तुटते. तशी ती तुटली, आणि टोकाला मी पातळ केलेलं क्लोरहेक्सिडीन लावलं. शिंगरू पन्नास मिनिटांत चार काटक्यांवर उभं राहिलं आणि पहिल्यांदा भिंतच चोखायला लागलं. दुसऱ्या तासाच्या आत कास सापडली. फ्रीजरमधला चीकही कोमट पाण्यात ठेवून वितळवला आणि बाटलीनं दिला. उकळायचा नाही, उकळला की त्यातला कस जातो.

वार, म्हणजे गर्भाची पिशवी, पडायची राहिली होती. आण्णा म्हणाले, "गायीला बारा तास वाट बघतो, झोप आता." घोडीला तीन तासांची मुदत, त्यापुढं आत सडली तर पायाच्या खुरांपर्यंत आजार उतरतो. दोन तास पन्नास मिनिटं झाली, मी डॉक्टरांना फोन लावतच होतो आणि ती पडली. अंगणात पसरून बघितली, चड्डीसारखी, दोन्ही पाय शाबूत, म्हणजे आत तुकडा राहिला नव्हता. कुत्र्यांना हाकलत हाकलत खड्डा करून पुरली.

दुसऱ्या रात्री डॉक्टरांनी शिंगराचं रक्त तपासलं. चीक पुरेसा पोचला होता. नवव्या दिवशी त्याला पातळ लीद सुरू झाली आणि आण्णा वासरांचं औषध काढायला निघाले, तर डॉक्टर म्हणाले, "थांबा. घोडी माजावर आलीय. याच दिवसांत शिंगरांचं असं होतंच."

माजावर हा शब्द दादानं बरोबर ऐकला. "मग घोडा कधी लावायचा?" त्यानं विचारलं. आईनं चुलीपुढूनच सांगितलं, "पुढच्या चैत्रात तुझी शर्यतीची बारी होऊ दे. मग बघू."