नेरूरपार ते देवबाग: कर्लीच्या ओहोटीबरोबर

एकादशीच्या सकाळी साडेसातला आम्ही सिंधुदुर्गातल्या नेरूरपारच्या पुलाखाली पोचलो, तेव्हा कर्ली नदी अजून चढत होती. पाण्यावरची पानं हळूहळू कुडाळच्या बाजूला सरकत होती. छोटा हत्ती टेम्पोतून कयाक, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या, उतरवल्या, दोऱ्या सोडल्या, आणि सगळे काठावर बसून राहिलो. नवीन आलेल्यांना हे बसणं कळत नाही. ऊन चढायच्या आधी निघूया, असं दोघा-तिघांनी म्हणून पाहिलं. पण कर्लीत घड्याळ बघून निघायचं नसतं, पान बघून निघायचं असतं. नऊच्या सुमारास पानं थांबली, जरा जागच्या जागी फिरली आणि समुद्राच्या दिशेने चालू लागली. मग निघालो.

आम्ही नऊ जण होतो. पाच एकेरी कयाक आणि दोन जोडीच्या, सगळ्या वर उघड्या बैठकीच्या. आमचा क्लब लहान आहे. आठवड्याला एकदा सराव, महिन्याला एक छोटी फेरी आणि हिवाळ्यात हा एक लांबचा पल्ला, एवढंच आमचं वर्षाचं काम. नेरूरपार ते देवबागला नदीच्या मुखापर्यंत पंधरा ते अठरा किलोमीटर पडतात. वळणं कशी कापता त्यावर आकडा हलतो. ओहोटीची साथ असेल तर नवखा माणूसही साडेतीन-चार तासांत सहज पोचतो. भरतीच्या उलट वल्हवत गेलात तर निम्म्यावरच खांदे उतरतात.

एकादशी का, ते आधी सांगतो, कारण या सफरीतलं सर्वांत उपयोगी ज्ञान तेच आहे. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब किनाऱ्यापुरता आहे. नदीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा वळतं. नेरूरपारला आम्ही बहुतेक वेळा पाऊण तासाचा फरक बघितला आहे.

आता याला वाऱ्याची जोड द्या. हिवाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो किंवा जमिनीकडून मंद येतो. दुपारी बारा-एकनंतर समुद्रावरचा वारा सुटतो आणि तीन-चारपर्यंत वाढत जातो. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे ओहोटीची सगळी चाल दुपारच्या वाऱ्यात सापडते, आणि उधाण असल्याने पाण्याला ओढही जास्त. दशमी ते द्वादशीला भरती सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. तुम्ही सकाळच्या शांत हवेत ओहोटीबरोबर खाली येता आणि वारा सुटेपर्यंत काठाला लागलेले असता. शिवाय अष्टमीचा भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, नुकताच सरलेला असतो, त्यामुळे पाणी साथ देतं पण ओढून नेत नाही. पंचांगाचा अंदाज घ्या आणि मग भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ताडून पाहा. लाटांसाठी इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा अंदाज आदल्या रात्री नक्की बघा.

पहिला तास कसलीच घाई नव्हती. डाव्या हाताला वालावलची बाजू, उजवीकडे काळशाचे माड. वल्हं मांडीवर आडवं ठेवलं तरी काठ मागे सरकत राहतो. खंड्या एका वाकलेल्या फांदीवरून दुसरीवर जात बराच वेळ आमच्या पुढे पुढे राहिला. या टप्प्यात एकच सांभाळा. काठ ढासळून काही ठिकाणी माड पाण्यात आडवे झालेले आहेत. वरून खोड दिसतं, खाली झावळ्या आणि मुळांचं जाळं असतं. पाणी त्यातून आरपार जातं, कयाक आणि माणूस जात नाही. अशा जागेपासून निदान तीन-चार कयाकांच्या लांबीइतकं लांब राहा.

हे माड का पडतात हे काठावरच्या कुणालाही विचारा. या नदीतून वाळू निघते. हातपाटीने, बुडी मारून वाळू काढणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे आहेत आणि त्यांचं काम अंगमेहनतीचं आहे. पण यंत्राने उपसा होतो तिथे तळाला खड्डे पडतात, काठाची माती खड्ड्याकडे सरकते, आणि मागच्या वर्षी जिथे कमरेएवढं पाणी होतं तिथे यंदा पाय टेकत नाही. आम्ही दर सफरीत वल्हं उभं बुडवून आठ-दहा ठरलेल्या जागांची खोली वहीत लिहून ठेवतो. नदीवर फिरणाऱ्या माणसाने एवढं तरी करावं असं मला मनापासून वाटतं. तुम्ही जाणार असाल तर आमची वही घेऊन जा, तुमचे आकडे त्यात भरा.

घोळ झाला तो देवलीच्या अलीकडे. उजव्या काठाला कांदळवनात एक चिंचोळा फाटा आत जातो. सावली, गार पाणी, वर फांद्यांची कमान. जोडीच्या कयाकमधली दोघं आत शिरली, त्यांच्या मागे आमच्यातला बारावीतला मुलगा. मी मागून येत होतो. मी शिट्टी वाजवून त्यांना परत बोलवायला हवं होतं. त्याऐवजी दहा मिनिटं बघून येऊ म्हणून मीही आत वळलो.

आत गेल्यावर खरंच कुणाला परतावंसं वाटू नये अशी ती जागा आहे. कांदळाची मुळं कमानीसारखी पाण्यात उतरलेली, तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिली रोवाव्यात तशी उभी. चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, सरपटत होत्या, शेपटीवर उसळून एकमेकींवर धावून जात होत्या. एका बाजूला छोट्या खेकड्यांची रांग, प्रत्येकाचा एकच नांगा मोठा आणि तो वर-खाली हलतोय. मी वाकून बघत होतो तेव्हा माझ्या कयाकच्या कडेला चिखलाची एक ओली पट्टी उघडी पडली. बोटभर रुंद होती. निवटी बघून मान वळवेपर्यंत ती वीतभर झाली. चिखलातून बुडबुडे फुटत होते. पाणी निघून चाललं होतं.

वळायला जागा नव्हती. तिन्ही कयाक मागे रेटत आणायच्या होत्या आणि जोडीची कयाक तळाला टेकली होती. मुलाने उत्साहाने पाय खाली टाकला. गुडघ्याच्या वरपर्यंत पाय आत गेला आणि तळाशी कालवांच्या कवचावर घासला. चप्पल चिखलातच राहिली, पायाला चांगली लांब चीर पडली.

अशा वेळी काय करायचं ते नीट सांगतो. उभं राहू नका. कयाकवर पोटावर आडवे व्हा, वजन पसरू द्या, अडकलेला पाय झटका न देता गोल फिरवत सावकाश वर घ्या. वल्ह्याचं पातं चिखलावर आडवं टेकून रेटा, टोकाने रेटलंत तर वल्हंही रुतेल. आम्ही ओढदोर बांधून एकेक कयाक अशी सरकवत बाहेर काढली. चाळीस मिनिटं गेली. न निघालो असतो तर दुपारनंतरच्या भरतीची वाट बघत बसावं लागलं असतं, उन्हात, आणि बाहेरचे पाच जण आमच्या काळजीत. मुलाचा पाय गोड्या पाण्याने धुतला, जंतुनाशक लावून पट्टी बांधली. कालवाची जखम दिसते त्यापेक्षा खोल असते आणि पिकते, म्हणून संध्याकाळी मालवणात डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. चूक माझी होती. पुढे असलेल्याने मागच्यांना थांबवायचं हा आमचा नियम आहेच, मागच्याने पुढच्यांना थांबवायचं हा नियम त्या दिवसापासून झाला. उतरत्या पाण्यात कुठल्याही फाट्यात शिरायचं नाही. फाटे बघायचे असतील तर भरतीच्या शेवटच्या तासात बघा. अंगठा-टाच बंद असलेले, घट्ट बसणारे बूट घाला. चपला नकोतच.

देवली ओलांडली की नदी ऐसपैस होते आणि दक्षिणेकडे वळते. उजवीकडे तारकर्ली-देवबागची माडांची चिंचोळी पट्टी, तिच्यापलीकडे समुद्र. तो दिसत नाही, पण ऐकू येतो. या पट्ट्यात मासेमारांची जाळी लावलेली असतात. पाण्यात खुंट किंवा ओळीने तरंगणारे बुचाचे, थर्माकोलचे तुकडे दिसले की वळसा घ्या, दोन तुकड्यांच्या मधून घुसू नका. जाळं अडकलं तर कापू नका, हाक मारा. कुणाचं तरी आठवड्याचं पोट त्यात असतं. आम्ही काठावरच्या होड्यांना लांबूनच हात करतो, कुठून आलो आणि कुठे चाललो ते सांगतो. त्याचा फायदा त्याच दिवशी झाला.

एक वाजत आला होता. वारा सुटला होता, पण माडांच्या आडोशाला तो जाणवत नव्हता आणि मुखापर्यंत जायचं असं सगळ्यांच्या मनात होतं. जाळं आवरत बसलेल्या एका काकांनी विचारलं, "खंय चल्लास?" मुखाकडे, म्हटलं. त्यांनी वर न बघताच मान हलवली.

"आता नको. पाणी भायर जाता, वारो आत येता. दोगांचा पटणा नाय."

आम्ही कयाक काठाला लावल्या आणि वाळूवरून चालत टोकाकडे बघायला गेलो. मुखावर, जिथे तळाची वाळू वर आलेली आहे, तिथे बाहेर जाणाऱ्या पाण्यावर समुद्राकडून येणाऱ्या लाटा उभ्या राहून फुटत होत्या. पलीकडे भोगव्याचा किनारा स्वच्छ दिसत होता, अगदी हाताच्या अंतरावर वाटावा इतका. हेच अंतर फसवतं. तिथे कयाक उलटली तर ओहोटी माणसाला काठाकडे आणत नाही, बाहेर नेते. २०२२च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, आणि ती तर इंजिनाची बोट होती. मुख बघायचं असेल तर पाणी वळतानाच्या त्या अर्ध्या तासात, वारा नसताना, आणि स्थानिक होडी सोबत घेऊनच. नवख्यांना घेऊन आम्ही जात नाही.

देवबागच्या टोकाजवळ वाळूच्या बेटाभोवती जेट स्की आणि बनाना बोटींची गर्दी असते, सुट्टीच्या दिवशी जास्तच. कयाक पाण्याला चिकटून असते, वेगातल्या चालकाला ती दिसत नाही. भडक रंगाची टोपी आणि जॅकेट घाला, घोळक्याने जा, कडेकडेने जा. किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी मिळून वेगाच्या बोटींची आणि वल्ह्याच्या होड्यांची हद्द आखून घ्यावी, असं आमचं म्हणणं आम्ही गावात मांडत असतो. मासेमारांनाही ते हवं आहे.

बाकीचं थोडक्यात. रेल्वेने येणाऱ्यांनी कुडाळला उतरावं. नेरूरपारचा पूल कुडाळ-मालवण रस्त्यावरच आहे. एक गाडी आदल्या दिवशीच देवबागला लावून ठेवा, नाहीतर शेवटी ओल्या कपड्यांत वाट बघावी लागते. देवबागचा रस्ता अरुंद आहे, कयाक लादलेला टेम्पो सकाळी लवकर न्या. पुलाच्या वर, कुडाळच्या बाजूला भंगसाळीत, म्हणजे कर्लीच्याच वरच्या भागात, मगरी दिसतात, म्हणून आम्ही सराव नेहमी पुलाच्या खालच्या, समुद्राकडच्या बाजूलाच करतो. प्रत्येकाने लाइफ जॅकेट अंगात घालून सगळे पट्टे बंद करायचे, कयाकवर बांधून ठेवलेलं जॅकेट कामाचं नाही. शिट्टी जॅकेटलाच बांधा. माणशी तीन लिटर पाणी घ्या, कारण नदी खारी आहे आणि मध्ये गोडं पाणी मिळवायचं तर गावात चढून जावं लागतं. फोन पाणबंद पिशवीत. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक निघण्याआधी जतन करा, आणि काठावरच्या एका माणसाला परतायची वेळ सांगून ठेवा. उलटलेल्या कयाकवर खोल पाण्यातून परत चढता येत नसेल तर ही सफर अजून करू नका. दोन रविवार सरावाला या, शिकवतो. मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत कर्लीत उतरायचं नाही.

काकांच्या घरी आम्हाला तांदळाची भाकरी, तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी मिळाली. पैसे आग्रहाने दिले तेव्हा घेतले. पुढच्या वेळी कधी येताय, असं त्यांनी विचारलं. वद्य दशमीला, म्हटलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "साडेसातची भरती. अकरापर्यंत हंय पोचा, मी होडी घेवन थांबतंय."