टाइल्सची निवड : आधी जागा, मग रंग

घराच्या नूतनीकरणासाठी टाइल्स घ्यायच्या ठरल्या तेव्हा मी रंगांचे तक्ते बाजूला ठेवून प्रत्येक जागेची गरज आधी लिहून काढली, कारण रंग आवडला की नाही हे लगेच कळते, पण ओल्या पायाखाली फरशी कशी वागेल हे दुकानातल्या कोरड्या, चकचकीत नमुन्यावरून कळत नाही.

दुकानात वरून सारख्याच दिसणाऱ्या दोन टाइल्स मी उलट्या करून त्यांच्या पाठीवर पाण्याचे थेंब सोडले. भिंतीसाठीच्या सिरॅमिक टाइलने ते बघता बघता शोषून घेतले, तर व्हिट्रिफाइड टाइलवर थेंब तसेच उभे राहिले. व्हिट्रिफाइड टाइल ज्यात मोडते त्या पोर्सिलेन वर्गातल्या टाइलचे जलशोषण ०.५ टक्क्यांपर्यंतच असते आणि भिंतीच्या टाइलचे साधारणपणे १० टक्क्यांहून अधिक असते, हे आकडे त्या थेंबांमुळे मला खऱ्या अर्थाने उमगले. जमिनीसाठी व्हिट्रिफाइड हे तेथेच ठरले. टाइलचा पृष्ठभाग झीज किती सोसतो हे सांगणाऱ्या पीईआय श्रेणीत आकडा जितका मोठा तितकी झीज कमी; खोल्यांसाठी ३ पुरेशी वाटली. बाहेरची वाळू पायांबरोबर येते त्या दाराजवळ मात्र ४ घेतली.

सर्वांत जास्त विचार न्हाणीघराच्या जमिनीचा करावा लागला आणि माझ्या मते तो तेवढा करायलाच हवा, कारण घरातले वृद्ध आणि मुले तेथेच घसरतात. टाइल किती कमी निसरडी आहे हे सांगणारी आर ९ ते आर १३ ही श्रेणी ठरवताना बूट घातलेला माणूस तेल लावलेल्या उतारावर चालतो. अनवाणी ओल्या पायांसाठी ए, बी आणि सी (सर्वांत कमी निसरडा) अशी निराळी वर्गवारी आहे, म्हणून मी तिची चौकशी केली आणि बी वर्गातली मॅट टाइल निवडली. फार खडबडीत टाइलमध्ये मळ अडकतो, हेही ध्यानात ठेवले. आकारही लहानच घेतला. जमिनीला चारही बाजूंनी जाळीकडे उतार द्यायचा असेल, तर मोठी टाइल कापल्याशिवाय त्या उतारावर नीट बसत नाही.

रंग शेवटी ठरवला. नमुने घरी आणून फरशीचे जमिनीवर आडवे आणि भिंतीचे उभे ठेवले, आणि दिवसाच्या उजेडात व रात्री दिव्याखाली पाहिले. दुकानात राखाडी वाटलेली एक टाइल दिव्याखाली स्पष्ट पिवळसर दिसली, म्हणून ती वगळली.

माल उतरवून घेताना प्रत्येक खोक्यावरचा शेड क्रमांक आणि कॅलिबर, म्हणजे टाइलच्या नेमक्या मापाचा गट, मी जुळवून पाहिले, कारण एकाच नावाच्या टाइल्सच्या दोन बॅचमध्ये छटेचा आणि मापाचा किंचित फरक असू शकतो. तुटफुटीसाठी सुमारे १० टक्के माल जास्त घेतला होता. त्यातले उरलेले पूर्ण खोके लेबलासकट जपून ठेवले आहे, कारण पुढे एखादी टाइल बदलावी लागली तर हीच छटा बाजारात मिळेलच, असे नाही.