मारव्यानंतर लगेच दरबारी

उस्ताद अमीर खाँ यांनी गायिलेल्या मारवा आणि दरबारी या दोन रागांची लाँग प्ले तबकडी 1960 च्या सुमारास एच.एम.व्ही.ने काढली. खाँसाहेब आमच्या इंदूरचे, आणि इंदूर घराणे त्यांच्याच गायकीमुळे ओळखले जाते, त्यामुळे त्या तबकडीविषयी बोलताना आम्हां इंदूरकरांच्या स्वरात थोडा घरगुती हक्क डोकावतो. तिच्या एका बाजूला मारवा होता आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा सूर्यास्ताचा, दरबारी ऐन मध्यरात्रीचा. एक बाजू संपली की उठावे लागे, सुई उचलून तबकडी उलटावी लागे, आणि आमच्या घरी तरी ती लगेच उलटली जात नसे. मारव्यात पंचम नाही आणि षड्जही, म्हणजे आधाराचा सा, बराच वेळ हुलकावणी देत राहतो. त्या अधांतरी अवस्थेतून खाली उतरायला ऐकणाऱ्याला थोडा अवधी लागतोच. पुढे तेच ध्वनिमुद्रण सीडीवर आले आणि दोन्ही राग एकामागोमाग एक आले, कारण सीडीला वाजणारी बाजूच एक असते. मारवा संपतो आणि काही सेकंदांत दरबारी सुरू होतो; सूर्यास्त आणि मध्यरात्र यांच्यामध्ये चहा टाकण्याइतकीही उसंत मिळत नाही.

सर्व्हर, म्हणजे सगळे गाणे साठवून मागेल ते वाजवणारे संगणक, आले आणि निवांत ऐकण्याची शिस्तच गेली, असे सीडीवर जीव असलेली मित्रमंडळी म्हणतात, तेव्हा मला ते काही सेकंद आठवतात. शिस्त मोडायला सुरुवात सीडीनेच केली होती, आणि ती इतक्या सभ्यपणे केली होती की आपल्या लक्षातही आले नाही.

आमच्या रामबागेतल्या घरात आता दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी आहेत. वर जुना सीडी प्लेअर आहे, ज्याच्या ट्रेचा रबरी पट्टा ताठरल्यामुळे तो बटण दाबल्यावर थोडा विचार करून उघडतो. खाली आमचा सर्व्हर, म्हणजे पानाच्या डब्याहून लहान असा एक संगणक आणि त्याला जोडलेली हार्ड डिस्क आहे. तिच्यात कपाटातल्या सगळ्या सीडी उतरवून झाल्या आहेत. दोन्हींचे गाणे एकाच डॅकमधून, म्हणजे आकड्यांचा पुन्हा ध्वनी करणाऱ्या एकाच उपकरणातून, त्याच स्पीकरांत जाते. त्यामुळे आवाज कोणाचा चांगला, हा वाद आमच्याकडे फार दिवस टिकला नाही. सीडीवर ध्वनीचे सेकंदाला 44,100 नमुने असतात आणि प्रत्येक नमुना 16 बिटांचा असतो. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून हे माप ठरवले आणि 1982 मध्ये पहिले प्लेअर बाजारात आणले. फ्लॅक पद्धतीने साठवलेल्या फाइलचा आकार सीडीच्या साधारण निम्मा होतो, पण वाजवताना उलगडली की मूळचे आकडे जसेच्या तसे मिळतात. आकडे तेच, डॅक तोच, स्पीकर तेच. मग सीडीच्या आवाजात अधिक ऊब आहे असे कोणी सांगू लागला, की मी डोळे मिटायला सांगून यंत्रे बदलत राहतो. आजवर कोणालाही खात्रीने ओळखता आलेले नाही, आणि तरीही कोणाचे मत बदललेले नाही. एमपी-थ्रीची गोष्ट मात्र वेगळी आहे. सीडीवर सेकंदाला 1,411 किलोबिट असतात, तर पूर्वी सर्रास फिरणाऱ्या एमपी-थ्री फाइलींत 128 असत. तिथे तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणकारता गुंजारव, सगळ्यात आधी दगा देते.

सीडी उतरवण्याचे काम कंटाळवाणे असेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात त्यात मी रमलो, कारण इतकी वर्षे नुसती वाजवलेली वस्तू तेव्हा प्रथमच नीट हातात धरून पाहिली. 12 सेंटिमीटर व्यासाच्या त्या चकतीवर एकच सर्पिल रेघ असते, ती उलगडली तर पाच किलोमीटरहून अधिक लांब भरेल, आणि ती तबकडीच्या उलट, आतून बाहेर वाचली जाते. लेसरखालून जाण्याचा वेग एकसारखा राहावा म्हणून चकती आरंभी मिनिटाला सुमारे 500 फेरे घेते आणि कडेला येता येता ती 200 वर उतरते; म्हणजे संथ विलंबिताला भरधाव फिरणारी चकती जलद द्रुताच्या वेळी निवांत झालेली असते. चरा पडला तरी गाणे चालू राहते, कारण एका क्षणाची माहिती एके ठिकाणी न ठेवता विखरून आणि जादा खुणांसह लिहिलेली असते. दोन-अडीच मिलिमीटरचे खिंडार असे पूर्ण बुजवता येते. त्याहून मोठे असेल तर प्लेअर आजूबाजूचे आकडे पाहून मधले अंदाजाने भरतो. याच कारणाने सीडी गोल गोल पुसू नये, मधून कडेकडे सरळ पुसावी. रेघेला आडवा गेलेला ओरखडा थोडा थोडा अनेक ठिकाणी विभागला जातो, रेघेच्या दिशेने गेलेला मात्र एकाच जागची सलग माहिती खातो. माझ्या आवडत्या सीडी मी वर्षानुवर्षे धोतराच्या मऊ फडक्याने, मोठ्या प्रेमाने, गोल गोलच पुसत आलो होतो.

खरी अडचण पुढे आली. सीडीवर गाणे असते, पण गाण्याचे नाव बहुधा नसते. प्लेअरला फक्त पहिला ट्रॅक, दुसरा ट्रॅक आणि मिनिटे-सेकंद एवढेच कळते. संगणकावर उतरवताना नावे इंटरनेटवरच्या सूचीतून येतात आणि ती ओळख बहुतेक वेळा ट्रॅकच्या लांबीवरून पटवली जाते. दहा-बारा गाण्यांच्या सीडीला ही रीत ठीक आहे. पण ज्या सीडीवर एक मोठा ख्याल आणि एक तराणा एवढाच ऐवज आहे, तिची ओळख भलत्याशीच जुळण्याचा संभव वाढतो. शिवाय ती सूची ज्याच्या त्याच्या स्पेलिंगने भरलेली असते. कोणी मारवा व्ही घालून लिहिला, कोणी डब्ल्यू, आणि सर्व्हरने दोन राग केले. गायकाच्या नावात कोणी खाँ लिहिले, कोणी खान, तर कोणी आरंभी एक ए जास्त घातला, आणि त्या जास्तीच्या ए मुळे एके दिवशी दरबारीच्या शेजारी, झूमरा तालाच्या चौदा मात्रा संथपणे चालू असताना, हिंदी चित्रपटांतल्या सुप्रसिद्ध नायकाचे हसरे छायाचित्र झळकले. आत्याला ते आवडले. तिचे म्हणणे असे, की खाँसाहेब असे हसत असते तर तिने शास्त्रीय संगीत लवकर ऐकायला घेतले असते.

हे सगळे रकाने मुळात आपल्या संगीतासाठी आखलेलेच नाहीत. कलाकार, अल्बम, गाणे, प्रकार: हा दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा आहे. राग कुठे लिहायचा, ताल कुठे, लय कुठे? प्रकाराच्या रकान्यात आमचे सगळे गाणे आपोआप ‘जागतिक संगीत’ म्हणून नोंदले गेले होते, जणू बाकीचे संगीत पृथ्वीबाहेर होते. शेवटी पुतण्याने नवे रकाने पाडून दिले: राग, ताल, प्रहर, साथ. ते भरण्यात मागचा पावसाळा गेला, आणि सर्व्हरविषयीचे माझे मत तेव्हाच पालटले. एखाद्या संध्याकाळी यमन ऐकावासा वाटला तर आता मी कोणत्या सीडीत तो आहे हे आठवत बसत नाही. यमन मागितला की घरातले सगळे यमन समोर येतात, आणि एकच बंदिश दोन गायकांनी कुठे कुठे वळवली हे लागोपाठ ऐकता येते. कपाटाने हे कधी दिले नसते, कारण कपाटात सीडी कंपनीच्या आणि गायकाच्या नावाने उभ्या असतात, रागाच्या नावाने नाही.

अर्थात सर्व्हर जसा येतो तसा तो अत्यंत आगाऊ असतो. एक राग संपला की विचारल्याशिवाय पुढचा लावतो, आणि तो पुढचा रात्री नऊ वाजता तोडी असू शकतो. विलंबित आणि द्रुत हे सीडीवर दोन ट्रॅक असले तरी वाजताना अखंड असतात, कारण ट्रॅकची सीमा ही केवळ एक खूण असते. सर्व्हरची मांडणी नीट केली नाही तर तो तिथे क्षणभर थांबतो, आणि तबलजी समेवर यायच्या आतच शांतता समेवर येते. पण सर्व्हरला सांगता येते, आणि सीडीला येत नाही. आता आमचा सर्व्हर विलंबित-द्रुत जोडून वाजवतो, सकाळचा राग रात्री स्वतःहून काढत नाही, आणि मारवा संपल्यावर चक्क थांबतो. किती वेळ थांबावे यावर घरात मतभेद होते. पुतण्याला पाच मिनिटे पुरेशी वाटत होती, माझा आग्रह दरबारी त्या दिवशी पुन्हा मागितल्याशिवाय लावूच नये असा होता, आणि तो मान्य झाला. तेव्हा मारवा आणि दरबारी यांच्यामधला तबकडीच्या काळातला अवधी आम्हांला परत मिळाला आहे, तोही सर्वांत नव्या यंत्राकडून.

सीडी तरीही कपाटात आहेत आणि राहतील, मुख्यतः त्यांच्या पुस्तिकांसाठी. तबला कोणाचा, सारंगी कोणाची, ध्वनिमुद्रण खासगी बैठकीतले की आकाशवाणीचे, हे इंटरनेटवरच्या सूचीत सहसा मिळत नाही. ते त्या घडीच्या कागदावर, भिंग घेऊन वाचावे लागेल अशा अक्षरांत असते. तेही सगळ्या कंपन्या छापतातच असे नाही, म्हणून माझा साथीचा रकाना अजून बराच रिकामा आहे. आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग श्रोते सारंगीची पहिली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, ऐकून वादकाचे नाव सांगतात, असा त्यांचा दावा आहे. त्यांना रविवारी पोह्यांना बोलावले आहे. पुतण्याने त्यासाठी एक वेगळी यादी केली आहे, आणि नावे ठाऊक असलेली काही मुद्रणे तिच्यात मुद्दाम मिसळून ठेवली आहेत.