अर्ध्या सॅम्पलचा हिशेब

कॉम्प्युटर म्युझिकला प्रवेश घेतला तेव्हा वाटलं होतं, आता दिवसभर चाली बांधायच्या. प्रत्यक्षात सुरुवातीचे आठवडे गेले साइन लहरी, डेसिबल आणि लॉगरिदममध्ये. चाल दूरच, ऐकवेल असा एक आवाजही निघेना.

पहिला जमला तो घंटेचा. संगीतकार जॉन चौनिंग यांची १९७३ साली प्रसिद्ध झालेली एफएम (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन) पद्धत: २०० हर्ट्झच्या लहरीची वारंवारिता २८० हर्ट्झची दुसरी लहर हलवते, आणि दोघींचं गुणोत्तर पूर्णांकात नसल्यामुळे नाद धातूचा येतो. मी आवाज हळूहळू चढत जाईल असा ठेवला, तर घंटेऐवजी भोंगाच वाजला. टोल्यालाच सगळा जोर आणि मग उतार, असं केलं तेव्हा कुठे घंटा झाली.

मला खरं झुलवलं ते तारेनं. छेडलेल्या तारेचा आवाज काढायची कार्प्लस आणि स्ट्राँग या दोघांची युक्ती इतकी सोपी, की आधी विश्वासच बसला नाही. छोट्या बफरमध्ये, म्हणजे आकड्यांच्या रांगेत, नुसती खरखर भरायची, ती गोल फिरवत शेजारच्या दोन सॅम्पलची (आवाजाच्या एकेका क्षणाच्या आकड्यांची) सरासरी काढत राहायची. खरखरीची छेडलेली तार होते! सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणून १०० हर्ट्झसाठी ४४१ चा बफर. खालचे सूर सुरेख लागले. वर गेले की मात्र कणसूर.

दोन रात्री प्रोग्रॅम चाळला. आकडे बरोबर, कान म्हणतोय सूर उतरलाय. १००० हर्ट्झला ४४.१ सॅम्पल लागतात, मी ४४ घेतले होते. म्हणजे सूर उलट चढायला हवा होता.

मॅडमनी एकदाच ऐकलं. "सरासरीला लागणारा वेळ धरलास का?"

नव्हता धरला. दोन सॅम्पलची सरासरी म्हणजे अर्ध्या सॅम्पलचा उशीर. ४४ चे झाले साडेचव्वेचाळीस, आणि १००० च्या जागी ९९१. खालच्या सुरात ४४१ पुढे अर्धा कोण विचारतो? मग बफर ४३ चा केला आणि उरलेलं ०.६ सॅम्पल ऑलपास फिल्टरच्या (सगळे सूर तेवढ्याच जोरानं जाऊ देत फक्त थोडा उशीर करणाऱ्या फिल्टरच्या) गळ्यात बांधलं. सूर जागेवर आला.

मित्राला दोन्ही तारा एकामागून एक ऐकवल्या. त्याला फरक कळेना. मला भयंकर राग आला. मग दोन्ही एकदम छेडल्या. सेकंदाला नऊ हेलकावे खात नाद विझला, आणि तो म्हणाला, "हे काय होतं? परत लाव."

शेवटच्या सत्राची रचना मी त्या हेलकाव्यापासूनच सुरू केली. चुकलेली तार अजून जपून ठेवली आहे.