प्रतिकृतीची नोंद: पुढची बाजू झाली, आता ताटलीची पाठ

मिखाईल अदामोविच यांनी 1921 च्या सुमारास पेत्रोग्रादच्या सरकारी पोर्सिलेन कारखान्यासाठी रेखलेल्या ताटलीची प्रतिकृती मी करते आहे, आणि तिसऱ्या भट्टीनंतर तिची पुढची बाजू पूर्ण झाली. मधोमध लेनिनचा चेहरा, सोबत रेशनची कुपने आणि काठावर ‘जो काम करत नाही, तो खात नाही’ ही रशियन घोषणा आहे.

घोषणेत 21 अक्षरे आहेत. पहिल्या वेळी मी काठाचे 21 भाग केले आणि शब्द एकमेकांना चिकटले. या वेळी शब्दांमधल्या सहा जागा धरून 27 भाग केले. 24 सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळावर प्रत्येक भाग सुमारे 2.8 सेंटिमीटरचा आला. लाल रंग लोहाचा असल्यामुळे जाड थर तपकिरी होतो, म्हणून दोन पातळ थर वेगवेगळे भाजले.

अक्षरे रेखताना या वाक्याचा प्रवास सतत मनात होता. ते मूळचे बायबलमधले. 1918 च्या सोव्हिएत रशियाच्या राज्यघटनेने ते आळशी धनिकांना उद्देशून उचलले. पण 1921 मध्ये व्होल्गाकाठी दुष्काळ पडला असताना तेच शब्द जेवणाच्या ताटलीवर, कुपनांशेजारी वाचणे मला फार जड जाते. आणि ती ताटली तर बहुतेक परदेशी संग्राहकांकडे, परकीय चलन आणायला जायची.

खरी गोष्ट मात्र पाठीवर आहे. 1744 मध्ये स्थापन झालेला हा झारशाही कारखाना 1918 मध्ये सरकारजमा झाला, तेव्हा गोदामात कोऱ्या ताटल्यांचा साठा होता. त्यांवरचा झार निकोलाय दुसरा याचा हिरवा शिक्का झिलईच्या खाली असल्याने खरवडून निघत नव्हता. म्हणून अनेक ताटल्यांवर त्यावर रंगाचा ठिपका देऊन शेजारी हातोडा, विळा आणि दातेरी चाकाचे नवे चिन्ह काढले गेले. पुढे काही ताटल्यांवरचा जुना शिक्का तसाच उघडा राहू लागला, कारण विकत घेणाऱ्यांना तो हवासा वाटे. राजाची खूण लपवणारा ठिपका आणि तीच खूण मिरवणारी पाठ, या दोन अवस्थांमध्ये जेमतेम काही वर्षांचे अंतर आहे.

माझी ताटली आधीच झिलईची असल्यामुळे मला शिक्का वरूनच काढावा लागेल. क्रोमियमचा हिरवा आधी भाजेन, मग त्यावर काळा ठिपका इतका पातळ देईन की उजेडात तिरकी धरल्यावर मुकुटाची कड दिसावी. चौथ्या भट्टीसाठी सध्या ती पालथी वाळते आहे.