वीस वर्षांच्या रस्त्यांबद्दल आत्ताच बोला

इथे अमेरिकेत प्रत्येक राज्याला किमान 20 वर्षं पुढचा वाहतूक आराखडा करावाच लागतो, 1991 च्या फेडरल कायद्यापासून हे चालू आहे, आणि त्यात लोकांचं म्हणणं ऐकून घेणंही बंधनकारक आहे. पण आपली मराठी मंडळी अशा मीटिंगला दिसतच नाहीत, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

आमच्या न्यू जर्सीत लायब्ररीत वगैरे टेबलावर मोठा नकाशा पसरलेला असतो, रंगीत टिकल्या देतात, जिथे त्रास होतो तिथे लावायच्या. मी रूट 1 वर लावली, कारण पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना हायवेपलीकडच्या दुकानात चालत जाता येत नाही, मध्येच फुटपाथ संपतो आणि मग गवतातून चाला. शेजारच्या आजींनी तर रविवारची बस कशी नाही ते माझ्यापेक्षा नीट सांगितलं.

एक लक्षात घ्या, या लांबच्या आराखड्यात मुख्यतः दिशा ठरते, पैसे नाही. कुठल्या कामाला कधी किती पैसे ते एसटीआयपी (STIP) नावाच्या, राज्याच्या वाहतूक कामांच्या किमान चार वर्षांच्या यादीत येतं, आणि शहरी भागात एमपीओची, म्हणजे त्या भागाच्या वाहतुकीचं नियोजन करणाऱ्या संस्थेची, संमती लागते, न्यू जर्सीत असे तीन एमपीओ आहेत. म्हणून आराखडा आणि ही यादी, दोन्हींसाठी लिहा. नुसतं "ट्रॅफिक फार आहे" नको, चौक कुठला, वेळ कुठली, कोणाला अडचण होते ते सगळं लिहा, आणि आईबाबा इथे असतील तर त्यांनाही घेऊन जा.